ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

कोल्हापूर म्हटले की करवीरनिवासिनी अंबाबाईचे पुरातन देऊळ, पंचगंगेचा घाट आणि रंकाळ्याचे विस्तीर्ण पाणी डोळ्यांपुढे उभे राहते. त्याचबरोबर आठवतात त्या तेथील तालमी. पहाटेच्या अंधारात, सारे नगर निद्रेत असता, या तालमींना जाग येते. जोर-बैठकांचे हुंकार आणि शड्डूंचे आवाज घुमू लागतात व तांबड्या मातीत घामाचे थेंब टपकू लागतात. राजर्षी शाहू छत्रपतींनी या मल्लविद्येला उदार आश्रय दिला. नामांकित मल्लांना त्यांनी कोल्हापुरात आणले, त्यांच्या खुराकाची व्यवस्था केली आणि इ. स. १९१२ मध्ये खासबागेचे प्रशस्त मैदान बांधून पुरे केले. मध्यभागी मातीचा हौदा आणि सभोवार चढत गेलेल्या बैठका अशी या मैदानाची रचना आहे. सर्वांत मागे बसलेल्या प्रेक्षकालाही मल्लांची पकड स्पष्ट दिसावी, हा तिच्यामागचा हेतू होता.

अशा या मल्लांच्या नगरीत एक ठेंगणा, सडपातळ तरुण महाविद्यालयीन शिक्षणासाठी आला. त्याच्याकडे पाहून हा पुढे मोठा मल्ल होईल असे कोणास वाटले नसते. परंतु स्वतंत्र भारताला ऑलिंपिक सामन्यांतील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देण्याचा मान याच तरुणाच्या नावे लिहिला जावयाचा होता. त्या तरुणाचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर या गावी झाला. कृष्णा आणि कोयना या नद्यांचा जेथे प्रीतिसंगम होतो, त्या कऱ्हाडजवळचे हे लहानसे खेडे. घर शेतकऱ्याचे होते आणि कुस्तीचा नाद घराण्यातच होता. वडील दादासाहेब हे स्वतः चांगले मल्ल होते. त्यांच्या पाच मुलांत खाशाबा सर्वांत धाकटा. घरातील थोरल्यांना मातीत उतरताना पाहून तोही मातीत उतरला. पाच वर्षांचा असतानाच वडिलांनी त्याला कुस्तीचे पहिले धडे दिले. शेतातील कामे, शाळेतील अभ्यास आणि तालमीतील मेहनत या तिन्हींची सांगड त्या बालवयातच त्याच्या अंगवळणी पडली.

त्या काळी गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचे फड भरत. हलगी कडाडू लागली की आसपासच्या खेड्यांतील माणसे फडाभोवती गोळा होत. विजयी मल्लाला नारळ, फेटा किंवा थोडे रोख इनाम मिळे. पण त्याहून मोठे इनाम म्हणजे पंचक्रोशीत होणारे नाव. अशाच एका फडात आठ वर्षांच्या खाशाबाने तेथील नावाजलेल्या मल्लाला अवघ्या दोन मिनिटांत अस्मान दाखविले. पाहणारे चकित झाले. हा पोर अंगाने लहान असला तरी पायाने चपळ आणि बुद्धीने तल्लख आहे, हे तेव्हाच जाणत्यांच्या लक्षात आले.

पुढे खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकू लागला. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्याकडून त्याला कुस्तीतील बारकावे शिकावयास मिळाले. हे दिवस स्वातंत्र्यलढ्याचे होते. इ. स. १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ चळवळीचा वणवा देशभर पेटला आणि सातारा जिल्हा तर त्या लढ्यात आघाडीवर होता. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांची पत्रके गुपचूप पोहोचविणे अशी जोखमीची कामे या शाळकरी मुलानेही केली. देशासाठी काहीतरी करून दाखवावे ही ओढ त्याच्या मनात त्या दिवसांतच रुजली. पुढे देश स्वतंत्र झाला, तेव्हा या तरुण मल्लाने मनाशी एक संकल्प केला. साऱ्या जगाच्या समोर ऑलिंपिकच्या मैदानावर आपल्या देशाचा तिरंगा फडकवावयाचा, हाच तो संकल्प होय.

उच्च शिक्षणासाठी खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. तेथील एक प्रसंग मोठा बोधप्रद आहे. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धा जवळ आल्या होत्या. कुस्तीसाठी नाव द्यावे म्हणून खाशाबा गेले. परंतु त्यांची जेमतेम साडेपाच फुटांची उंची आणि सडपातळ बांधा पाहून त्यांचे नाव घेण्यास नकार मिळाला. धिप्पाड मल्लांपुढे या मुलाचा निभाव लागणार नाही, असेच पाहणाऱ्याला वाटले असावे. खाशाबा निराश होऊन घरी बसले नाहीत. ते थेट प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांच्यापुढे उभे राहिले आणि एक संधी द्यावी, एवढीच विनंती त्यांनी केली. प्राचार्यांनी ती मान्य केली. मग खाशाबा आखाड्यात उतरले आणि आपल्याहून थोराड अशा मल्लांना त्यांनी एकामागून एक पाठ टेकावयास लावली. त्या दिवसापासून या शिष्याविषयी प्राचार्यांच्या मनात जो विश्वास उत्पन्न झाला, तो पुढे केवढ्या मोठ्या कसोटीला उतरावयाचा होता, याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती.

इ. स. १९४८ मध्ये लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. त्यापूर्वी, इ. स. १९२० मध्ये, बेल्जममधील अँटवर्प येथील सामन्यांसाठी बेळगावचे धावपटू फडेप्पा चौगुले आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे मल्ल सातासमुद्रापलीकडे गेले होते. आता स्वतंत्र भारताचा चमू प्रथमच जावयाचा होता आणि त्यात खाशाबांची निवड झाली. कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासाचा खर्च उचलला. वजनाच्या मानाने खाशाबांचा समावेश ५२ किलोग्रॅमच्या गटात झाला होता.

लंडनला पोहोचल्यावर एक नवीच अडचण पुढे आली. खाशाबा जन्मभर खेळले होते मातीत आणि येथे कुस्ती व्हावयाची होती गादीवर! हा फरक वरवर पाहता लहान वाटतो. पण मल्लाच्या दृष्टीने तो फार मोठा असतो. आपल्याकडे हौद्यातील तांबडी माती चाळून मऊ करतात, तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मिसळतात. अशा मातीत टाच रुतवून मल्लाला पाय घट्ट रोवता येतो. अंगाला माती चोळून पकड मजबूत करता येते. गादीवर यातले काहीच नाही. तेथे पाय रुतत नाही, अंग घामाने निसटते आणि हालचालींचा वेगही निराळा असतो. शिवाय नियमही वेगळे. मातीतील कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चीत करावे, की निकाल लागला. गादीवर मात्र वेळ मोजलेला असतो. कोणी चीत झाला नाही, तर कोणाचे डाव सरस ठरले ते पाहून पंच निर्णय देतात. म्हणून धीराने वाट पाहणारा मल्ल तेथे मागे पडतो आणि प्रत्येक क्षणी चढाई करणारा पुढे जातो.

खाशाबांना या गादीचा सराव नव्हता. तेथे अमेरिकेचे रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले आणि हाताशी असलेल्या थोड्याशा वेळात त्यांनी जमेल तेवढे आत्मसात केले. प्रत्यक्ष सामन्यात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच पराभूत केले, तेव्हा प्रेक्षक थक्क झाले. अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही त्यांनी हरविले. परंतु इराणच्या मन्सूर रईसीपुढे त्यांचे काही चालले नाही. खाशाबांचा सहावा क्रमांक आला. पहिल्याच खेपेला, अपरिचित गादीवर, जगातील निवडक मल्लांत सहावे येणे ही काही लहान गोष्ट नव्हे. पण ज्याने तिरंगा फडकविण्याचा संकल्प केला होता, त्याला सहाव्या क्रमांकाने समाधान कसे वाटावे?

पराभव झाला की काही माणसे नशिबाला दोष देतात, काही पंचांना देतात. खाशाबांनी आपल्या पराभवाची कारणे आपल्याच ठायी शोधली. गादीचा सराव नाही, हे पहिले कारण; नव्या नियमांचा अभ्यास नाही, हे दुसरे. दोन्ही कारणे परिश्रमाने दूर होण्यासारखी होती. पुढचे ऑलिंपिक चार वर्षांनी, फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे भरावयाचे होते. ही चार वर्षे खाशाबांनी व्रतस्थाप्रमाणे घालविली. मेहनतीच्या तासांत त्यांनी वाढ केली. ५२ किलोग्रॅमचा गट सोडून ते आता ५७ किलोग्रॅमच्या गटात उतरणार होते. त्यामुळे अधिक वजनाच्या आणि अधिक बळाच्या मल्लांशी त्यांना दोन हात करावे लागणार होते. ढाकेसारखे आपले हातखंडा डाव त्यांनी पुनःपुन्हा घोटून अधिक धारदार केले. ढाक हा मोठा चपळाईचा डाव आहे. प्रतिस्पर्ध्याला पकडून एका झटक्यात आपल्या अंगावरून पलीकडे फेकावे लागते. क्षणाचाही उशीर झाला तर डाव उलटतो. खाशाबांच्या ठायी असलेल्या चपळ पायांना हा डाव फार साधे.

हेलसिंकीची वाट मात्र सोपी नव्हती. मद्रास येथे झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबा एका गुणाने मागे पडले आणि त्यांची निवड हुकली. हा निर्णय आपल्यावर अन्याय करणारा आहे, अशी त्यांची खात्री होती. दुसरा कोणी असता तर मनातल्या मनात कुढत बसला असता. खाशाबांनी तसे केले नाही आणि कोणाशी भांडणही मांडले नाही. पतियाळाचे महाराज त्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. ते खेळाचे चाहते होते. खाशाबांनी त्यांच्याकडे दाद मागितली. आपल्याला मेहेरबानी नको, फक्त पुन्हा एकदा लढू द्यावे, एवढेच त्यांचे मागणे होते. महाराजांना ते रास्त वाटले. निवडीसाठी पुन्हा कुस्ती झाली आणि तीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला असे लोळविले की त्यांच्या योग्यतेविषयी शंका घ्यावयास जागाच उरली नाही.

निवड झाली, पण आता प्रश्न उभा राहिला तो पैशांचा. परदेशप्रवासाचा खर्च काही हजारांत जाणारा होता. आज ही रक्कम मोठी वाटणार नाही. परंतु त्या काळी सामान्य शेतकरी कुटुंबाला ती आयुष्यभराच्या कमाईएवढी होती. खाशाबांनी सरकारदरबारी खेटे घातले. तिकडून मिळालेल्या मदतीने गरज भागेना. तेव्हा गोळेश्वरच्या आणि कऱ्हाडच्या लोकांनी हे काम आपलेच मानले. घरोघर आणि दुकानोदुकानी वर्गणी जमू लागली. ज्याला जे शक्य होते, ते त्याने दिले. तरीही रक्कम अपुरी पडली. प्रस्थानाचा दिवस जवळ येत चालला आणि चार वर्षांची तपश्चर्या केवळ पैशांवाचून व्यर्थ जाणार, अशी चिन्हे दिसू लागली.

अशा वेळी प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांच्याजवळही काही संपत्तीच्या राशी नव्हत्या. होते ते राहते घर! त्यांनी ते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे करून ते आपल्या शिष्याच्या हाती दिले. क्षणभर थांबून या गोष्टीचा विचार करावा. कुस्तीत हार-जीत कोणाच्या हाती असते? खाशाबा पराभूत होऊन परतले असते, मार्गात आजारी पडले असते, तर घर सोडविण्याचा मार्ग कोणता होता? विद्यार्थ्याने पदकाची हमी दिली नव्हती, देणे शक्यही नव्हते. तरीसुद्धा गुरूने स्वतःच्या कुटुंबाचे छप्पर त्याच्या मनगटावर विश्वासून पणास लावले. खाशाबा हेलसिंकीला निघाले तेव्हा त्यांच्या खांद्यावर केवळ देशाच्या कीर्तीचा भार नव्हता. गावकऱ्यांच्या एकेका रुपयाचा आणि गुरूच्या घराचाही भार होता.

जुलै १९५२. उत्तरेकडील त्या देशात उन्हाळ्याचे दिवस फार मोठे असतात. रात्री दहा वाजेपर्यंत उजेड मावळत नाही. हवा निराळी, भाषा निराळी, अन्न निराळे. कोल्हापूरहून आलेले मल्ल केशव मणगावे हेही भारतीय चमूत होते. कुस्तीचे सामने सुरू झाले. कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन हा खाशाबांचा पहिला प्रतिस्पर्धी. ही कुस्ती बराच वेळ रंगली. पण शेवटी खाशाबांनी त्याला चीत केले. नंतर मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो समोर आला. त्याला चीत करण्यास तर थोडीच मिनिटे पुरली. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झलाही खाशाबांनी हरविले. चार वर्षांपूर्वी ज्या गादीवर त्यांचा पाय अडखळत होता, त्याच गादीवर आता ते वाऱ्यासारखे फिरत होते. बुटक्या बांध्याच्या या भारतीय मल्लाच्या अंगातील वीज पाहून परदेशी प्रेक्षकही टाळ्या वाजवू लागले.

शेवटच्या टप्प्यात दोन अत्यंत कसलेले मल्ल समोर होते. एक जपानचा शोहाची इशी व दुसरा सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव. इशी हा मूळचा ज्यूदो खेळणारा; पकडीत आणि चकविण्यात तरबेज. त्याची आणि खाशाबांची झुंज पंधरा मिनिटे चालली. कुस्तीतील पंधरा मिनिटे म्हणजे काय, हे ज्याने कुस्ती केली आहे त्यालाच ठाऊक! क्षणोक्षणी सारे बळ पणाला लावावे लागते. श्वास छातीत मावत नाही. हातापायांत गोळे येतात. पण पकड क्षणभरही सैल करून चालत नाही. दोघांपैकी कोणीही चीत झाला नाही. अखेर पंचांनी इशीच्या बाजूने निर्णय दिला.

मामेदबेकोवशी झालेल्या कुस्तीतही खाशाबांना यश लाभले नाही. या दोन मोठ्या झुंजींच्या मध्ये थकलेल्या मल्लाला जी विश्रांती मिळावयास हवी होती, ती खाशाबांना मिळाली नाही. नियमावर बोट ठेवून आपल्या मल्लाची बाजू मांडील असा भारतीय चमूतील कोणी जबाबदार माणूस त्या वेळी तेथे हजर नव्हता. परक्या देशात, परक्या भाषेत, थकलेल्या खाशाबांनी तक्रार तरी कोणापाशी करावी? ते पुन्हा गादीवर उभे राहिले आणि अंगात होते तेवढे बळ एकवटून लढले. सुवर्णपदक इशीने मिळविले, रौप्यपदक मामेदबेकोवने आणि कांस्यपदक भारताच्या खाशाबा जाधवांनी. तो दिवस होता २३ जुलै १९५२. केशव मणगावे यांचे पदक त्यांच्या गटात थोडक्यात हुकले.

स्वतंत्र भारताच्या खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळविलेले हे पहिले ऑलिंपिक पदक. दुसऱ्याच दिवशी, २४ जुलै रोजी, भारताच्या हॉकीच्या संघाने अंतिम सामन्यात हॉलंडवर सहा विरुद्ध एक असा विजय मिळवून सुवर्णपदक पटकाविले. हॉकीतील विजयाचा देशाला सराव झालेला होता. त्याचा जयघोष दूरवर गेला. कांस्यपदकाचे मोल त्या मानाने देशातील थोड्याच लोकांनी ओळखले. पण सातारा-कोल्हापूरच्या मुलखाने मात्र ते पुरेपूर ओळखले.

खाशाबा कऱ्हाडच्या रेल्वे स्थानकावर उतरले, तेव्हा तेथे माणसांचा महापूर लोटला होता. ढोल, लेझीम, हलगी यांचा गजर चालला होता. शंभराहून अधिक बैलगाड्या शृंगारून आणल्या होत्या. एरव्ही अल्पावधीत होणारा गोळेश्वरचा रस्ता त्या दिवशी पार करावयास सुमारे सात तास लागले. ज्यांनी आपल्या पदरचा रुपया दिला होता, त्या प्रत्येकाला वाटत होते की हे पदक आपलेही आहे. आणि ते खरेच होते.

या जल्लोषात एक गोष्ट खाशाबा विसरले नव्हते. कोल्हापुरात गुरूचे घर अद्याप गहाण पडलेले होते. ऑलिंपिकमधील पदकाबरोबर धन मिळत नसते. मग कर्ज फेडावयाचे कसे? खाशाबांना एकच मार्ग माहीत होता आणि तो म्हणजे कुस्तीचा. कोल्हापुरात त्यांनी कुस्त्यांचे सामने ठरविले. जगाच्या गादीवर पदक मिळविलेला हा मल्ल पुन्हा आपल्या तांबड्या मातीत उतरला. कुस्त्या जिंकून मिळालेले पैसे त्यांनी प्राचार्य खर्डेकरांच्या हवाली केले आणि त्यांचे घर सोडविले. हेलसिंकीच्या कुस्त्या त्यांनी देशासाठी जिंकल्या. या कुस्त्या त्यांनी दिलेला विश्वास राखण्यासाठी जिंकल्या. दोहोंत थोर कोणत्या म्हणाव्यात, हे ठरविणे कठीण आहे.

इ. स. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात फौजदार म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ऑलिंपिक सामने होते. तिसऱ्या वेळी जाण्याची त्यांची तयारी चालली होती. परंतु गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि ती वाट कायमची बंद झाली. मल्लाचा गुडघा म्हणजे इमारतीचा पाया. तो दुखावल्यावर मोठ्या स्पर्धा उतरणीला लागतात. तरी पोलीस दलातील स्पर्धांत ते चमकले आणि अनेक तरुणांना त्यांनी कुस्तीचे शिक्षण दिले. सुमारे सत्तावीस वर्षे त्यांनी प्रामाणिकपणे सेवा केली आणि साहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले.

त्यांच्या उत्तर आयुष्यात मानसन्मानाचे क्षण थोडेच आले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना बराच झगडा करावा लागला. आपल्या पदकाचे भांडवल करून त्यांनी कधी कोणाकडे याचना केली नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी कऱ्हाडजवळ झालेल्या रस्त्यावरील अपघातात खाशाबांचे निधन झाले. दुसरा दिवस स्वातंत्र्यदिनाचा होता. ज्या दिवसाच्या साक्षीने तरुण खाशाबांनी तिरंग्याचा संकल्प केला होता, तो दिवस उजाडण्यापूर्वीच हा मल्ल काळाच्या पडद्याआड गेला.

त्यांच्या मोठेपणाची खरी जाणीव देशाला हळूहळू होत गेली. हेलसिंकीनंतर एकामागून एक ऑलिंपिक सामने झाले, पण दुसरे वैयक्तिक पदक भारताच्या वाट्याला येईना. इ. स. १९९६ मध्ये अटलांटा येथे लिएंडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळविले, तेव्हा मधली चव्वेचाळीस वर्षे लोटली होती. एवढ्या दीर्घ काळात जे दुसऱ्या कोणाला साधले नाही, ते एका शेतकऱ्याच्या मुलाने पुरेशी साधने नसताना साध्य केले होते, हे मग सर्वांच्या ध्यानी आले. महाराष्ट्र शासनाने त्यांना मरणोत्तर शिवछत्रपती पुरस्कार दिला, तर भारत सरकारने मरणोत्तर अर्जुन पुरस्कार दिला. इ. स. २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा तेथील कुस्तीच्या सभागृहाला खाशाबांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस, म्हणजे १५ जानेवारी, हा आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. आणि योगायोग असा, की खाशाबांनंतर महाराष्ट्राला ऑलिंपिकचे दुसरे वैयक्तिक पदक मिळाले, तेही कोल्हापूरच्याच मातीतून. इ. स. २०२४ मध्ये पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. या दोन पदकांमध्ये बहात्तर वर्षांचे अंतर आहे.

खाशाबांच्या चरित्राकडे पाहताना सहज वाटते, की एकट्याने मिळविलेले पदक असे आपण त्याला म्हणतो खरे. पण ते एकट्याचे कधीच नव्हते. पाच वर्षांच्या मुलाला मातीत उतरविणारे वडील, बारकावे शिकविणारे वस्ताद, रुपया-रुपया देणारे गावकरी आणि घर गहाण ठेवणारे गुरू या साऱ्यांचे हात त्यामागे होते. खाशाबांचा मोठेपणा हा, की ते हात त्यांनी कधी विसरले नाहीत. लंडनमध्ये हरल्यावर त्यांनी स्वतःला दोष दिला आणि हेलसिंकीत जिंकल्यावर आधी दुसऱ्यांचे ऋण फेडले. कोल्हापूरच्या तालमींत आजही पहाटे शड्डू घुमतात. तांबड्या मातीत उतरण्यापूर्वी तेथील प्रत्येक मल्ल ती माती कपाळाला लावतो. त्या मातीच्या एका सुपुत्राने तिचे ऋण कसे फेडले, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या नमस्काराचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.